तिकिटावरचं दुसरं नाव

ही गोष्ट घानातली, एकोणीसशे एकोणऐंशी सालची. त्या जानेवारीत लष्करी सरकारनं राजकीय पक्षांवरची बंदी उठवली आणि सात वर्षं गप्प बसलेली माणसं एकदम बोलायला लागली. साबण मिळत नव्हता, साखर मिळत नव्हती, दुधाच्या एका डब्यासाठी सरकारी दुकानापुढे बायका पहाटेपासून उभ्या राहायच्या. पक्ष मात्र रोज एक नवा मिळत होता.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. समुद्रकाठच्या साल्टपाँडची फान्ती जमातीची मुलगी, आणि घानाच्या पार दुसऱ्या टोकाला, उत्तरेत, कुओझी नावाच्या गावात मिशनच्या शाळेत गणित शिकवत होते. ते माझं सातवं वर्ष. बदली झाली तेव्हा आई रडली होती. तिकडे मासे मिळत नाहीत, म्हणाली. खरंच मिळत नव्हते. पहिलं वर्ष मी दिवस मोजत काढलं. दुसऱ्या वर्षी शाळेला नवे हेडमास्तर आले, लिनस बायुओ, आणि दिवस मोजायचं राहून गेलं.

ते त्याच भागातले, दगाबा जमातीचे. उंच, सडसडीत, सायकल हातात धरून चालणारे. सायकलवर बसलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं, कारण वाटेत कोणी ना कोणी भेटायचं आणि ते उतरायचे. पहिली बायको बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. गावाला पाणी नव्हतं म्हणून त्यांनी चार वर्षं सरकारला पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही तेव्हा गावकऱ्यांना घेऊन दोन उन्हाळ्यांत मातीचा बांध घातला. त्या बांधामुळे त्यांचं नाव आसपासच्या गावांत, मग जिल्ह्यात, मग दूर टमाले शहरापर्यंत गेलं. पाच भाषा बोलायचे. माझी फान्ती शिकायचा त्यांनी प्रयत्न केला, पण शब्द दगाबांच्या चालीवर म्हणायचे आणि मी हसले की म्हणायचे, "मॅडम, वर्गात तुमची मुलं इंग्रजी बोलतात तेव्हा मी हसतो का?"

चारचौघांत मी 'मॅडम' होते. व्हरांड्यात दोघंच वह्या तपासत बसलो की 'अराबा'. मी त्यांना नेहमीच 'मास्तर' म्हणत आले. आजही तोंडात तेच येतं.

आदल्या नोव्हेंबरात, ज्वारीची कापणी झाल्यावर, त्यांनी वहीतून मान वर न करता विचारलं होतं, "अराबा, तुमच्याकडे मुलीच्या घरी जाताना काय न्यावं लागतं?"

"दार ठोठावायला जिनच्या दोन बाटल्या."

"दार ठोठावायला बाटल्या? तुम्हा लोकांना हात नाहीत का?"

एवढंच बोलणं झालं. पण त्यांनी त्या टंचाईतही एका लॉरी ड्रायव्हरकडून एक बाटली मिळवली. दुसरी काही केल्या मिळेना. ती मिळाली की मार्चमध्ये आपण साल्टपाँडला निघायचं, असं ठरलं होतं.

कुओझीच्या बाजारात अकोल्गो नावाचा खाटीक होता. तो फ्राफ्रा जमातीचा, पूर्वेकडच्या बोल्गाचा. दगाबा आणि फ्राफ्रा यांच्यात थट्टेचं नातं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कधी काळी दोन सख्खे भाऊ कुत्र्याच्या मुंडक्यावरून भांडले, त्यांचे हे वंशज म्हणे. त्यामुळे दगाबा दिसला की फ्राफ्रानं त्याला चोर म्हणायचं, गुलाम म्हणायचं, आणि त्यानं तेच उलट सुनवायचं. रागवायची मुभा कोणालाच नाही. जो रागावला तो माणसांतून उठला. मास्तरांबरोबर मी पहिल्यांदा बाजारात गेले तेव्हा अकोल्गो सुरा उगारून ओरडला होता, "ए माझ्या गुलामा! माझ्या आज्याचं पळवलेलं कुत्रं आधी परत कर, मग मांस माग!" मी भीतीनं मागे सरले. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुझ्या आज्यानंच खाल्लं ते. मरताना भुंकत होता, सगळ्यांनी ऐकलंय." सगळा बाजार हसला. अकोल्गोनं हसून डोळे पुसले आणि आमच्या पुड्यात काळजाचा एक तुकडा जास्तीचा टाकला.

दु:खातही हे नातं सुटत नाही, उलट तेव्हाच जास्त चढतं. मी कुओझीत सहा मर्तिकं पाहिली. सहाही वेळा फ्राफ्रा आले, मेलेल्याला शिव्या दिल्या, रडणाऱ्यांना हसवलं आणि रीतीनं मिळणारा कोंबडा घेऊन गेले. नातेवाईक कृतज्ञ असायचे. ते आलेच नसते तर मात्र अपमान वाटला असता.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेपुढे एक जीप थांबली. वाळवंटाकडून येणाऱ्या हरमॅटन वाऱ्याची धूळ इतकी होती की आधी आवाज आला आणि मग गाडी दिसली.

"अराबा, सूर्य कुठे ठेवलाय तुम्ही लोकांनी? सकाळपासून शोधतोय."

ते माझे वोफा होते, एकाव ओटू, आईचे थोरले भाऊ. आम्हा फान्तींमध्ये मूल आईच्या कुळाचं. बापानं लाड करावेत आणि वोफानं ठरवावं. माझं शिक्षण त्यांनीच केलं. आता ते बॅरिस्टर डाडझींच्या नव्या पक्षाचे संघटक झाले होते. त्यांच्याबरोबर कुमासीचे लाकडाचे व्यापारी फ्रिम्पोंग होते. पक्षाच्या जीपगाड्या त्यांच्याच.

दुपारी दोघं माझ्या व्हरांड्यात आले. वोफांनी घरून केंकी, आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी आणली होती, केळीच्या सुक्या पानांत बांधून. दोन दिवसांच्या प्रवासानं मासळी लाकडासारखी झाली होती. मी उभ्याउभ्याच खाल्ली.

"हिला जेवायला देत नाहीत वाटतं इथे," फ्रिम्पोंग म्हणाले.

"ती समुद्र खातेय," वोफा म्हणाले. "खाऊ दे."

मग त्यांनी कामाचं काढलं. बॅरिस्टर अध्यक्षपदासाठी उभे राहणार होते, आणि तिकिटावर दुसरं नाव हवं होतं, उपाध्यक्षाचं.

"बॅरिस्टर समुद्राकाठचे, फान्ती, मेथडिस्ट. एकट्याचं नाव टाकलं तर होडी एका बाजूला कलंडते. पलीकडे वजन हवं. उत्तरेचा, शिकलेला, हात स्वच्छ असलेला माणूस. कॅथलिक मिळाला तर सोन्याहून पिवळं."

"आणि कमी बोलणारा," फ्रिम्पोंग म्हणाले. "उपाध्यक्षाला फार बोलायची सवय असू नये."

"यादीत तीन नावं आहेत. पहिलं तुझ्या हेडमास्तरांचं."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला फक्त अभिमान वाटला. त्या बांधावर मीही मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या.

फ्रिम्पोंग धूळ धुवायला मागे गेले तेव्हा वोफा जवळ सरकले. "आता मला खरं सांग. शाळेतल्या शिपायानं मला मघाशी काहीतरी सांगितलंय. हा माणूस तुझा कोण?"

"ते पुढच्या महिन्यात आईकडे यायचे आहेत, वोफा."

त्यांनी हातातला मासळीचा काटा पानावर ठेवला. "अरेरे," म्हणाले. "अरेरे, अराबा."

"का? माणूस तुमच्या यादीत पहिला आहे ना?"

"म्हणूनच. बॅरिस्टर फान्ती. त्यांची बायको फान्ती. आणि उत्तरेतून तोल साधायला ज्याला आणला त्याच्याही शेजारी फान्ती बाई! कुमासीचे लोक विचारतील, हे तिकीट आहे की साल्टपाँडचा मासळीबाजार?"

"मतं माणसाला मिळतात की त्याच्या बायकोला?"

"फोटोला मिळतात, बाळा. आणि फोटोत चौघं असतात."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "त्यांच्याशी सकाळी बोललोय. तुझं नाव काढलेलं नाही. ते तू बघ. नाव जाहीर झालं की रजा काढून घरी ये. मतदान होईपर्यंत."

"आणि निवडून आले तर?"

"मग चार वर्षं. बघू."

"आणि मधे त्यांनी दुसरी कोणी केली तर?"

"इकडची केली तर बरंच दिसेल," वोफा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "हे मी तुझा वोफा म्हणून नाही बोलत. संघटक म्हणून बोलतोय." जणू दोन वेगळी माणसं माझ्या व्हरांड्यात बसली होती आणि मासळी एकानंच आणली होती.

चार वाजता मी बांधावर गेले. मास्तर रोज त्या वेळी पाण्याची पातळी बघायला जात. त्यांची आई महिनाभर अंथरुणाला होती, आणि आईजवळून उठले की ते पाण्याकडे जायचे. मला बघून त्यांनी सायकल झाडाला टेकवली.

"तुझ्या वोफांनी मला काय विचारलं माहितेय? तुमच्या भागाला काय हवंय? अराबा, इतकी वर्षं मी हे पत्रांतून सांगतोय. तोंडानं कोणी विचारलं ते आज."

मग ते बोलत राहिले. वा शहराहून येणाऱ्या रस्त्याबद्दल, पावसाळ्यात चार महिने तुटणाऱ्या गावांबद्दल. कापणी झाली की दक्षिणेत कोकोच्या बागांत आणि खाणींत राबायला चालत जाणाऱ्या आमच्या पोरांबद्दल, ज्यांतली निम्मीच परत यायची. "अ‍ॅक्रात निर्णय होतात त्या खोलीत एक जरी माणूस असा असेल ना, ज्यानं हे पाणी डोक्यावरून वाहिलंय," ते म्हणाले आणि थांबले. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्यांना इतकं काही हवं असू शकतं हेच मला माहीत नव्हतं. माझ्यासाठी त्यांनी जिनची बाटली शोधली होती तेव्हाही ते असे दिसले नव्हते.

मी विचारायला हवं होतं, आणि मी? एवढंच. पण आई घरात शेवटचे श्वास मोजत असलेल्या माणसाला हे आज कसं विचारायचं, असं मी स्वत:ला सांगितलं. त्यात थोडं खरंही होतं. उरलेलं सगळं भय होतं. त्यांनी क्षणभर जरी विचार केला असता, तरी मला तो क्षण बघायचा नव्हता.

"उत्तर काय दिलंत?"

"म्हटलं, आईचं काय ते होऊ दे. मग सांगतो."

तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. वोफा आणि फ्रिम्पोंग निघायच्या तयारीत होते. पण माणसाला उपाध्यक्ष करायचं आणि त्याच्या आईच्या मर्तिकाला पाठ फिरवायची हे शोभलं नसतं. ते थांबले.

दगाबा मृताला झोपवत नाहीत. अंगणातल्या मोठ्या झाडाखाली लाकडी माच उभारला होता, त्यावर म्हातारीला चांगलं लुगडं नेसवून बसवलं होतं, माना वर करून बघावं लागेल अशी. समोर दोन बालाफोन वाजत होते, खाली भोपळे लावलेल्या लाकडी पट्ट्यांचे, आणि ते वाजायला लागले की दगडालाही रडू येतं. माणसं माचाकडे धावत जात, हात वर करून आकांत करत आणि परत मागे येत. मास्तरांच्या कमरेला कातड्याची वादी बांधली होती, तिचं टोक त्यांच्या चुलत भावाच्या हातात. ज्याचं दु:ख सर्वांत मोठं त्याला असं बांधून धरतात. तो दु:खात कुठे भरकटू नये, स्वत:ला काही करून घेऊ नये म्हणून.

"याला बांधलंय का?" फ्रिम्पोंगनी माझ्या कानाशी विचारलं.

"रीत आहे," मी म्हटलं. तेवढं तरी सांगितलं.

आणि मग अकोल्गो आला, सहा-सात फ्राफ्रा बरोबर घेऊन. सरळ माचावर चढला, म्हातारीच्या शेजारी बसला, तिच्या डोक्यावरचं फडकं काढून स्वत:च्या डोक्याला गुंडाळलं.

"ही माझी गुलाम!" तो ओरडला. ओरडला तोही इंग्रजीत, पाहुणे दक्षिणेचे आहेत हे बघून, त्यांनाही गंमत कळावी म्हणून. "माझं काम न संपवता पळाली! पुरू देणार नाही हिला!"

लोक हसायला लागले. रडणाऱ्या बायकाही.

"आणि हा बघा हिचा पोरगा! शाळेचे पत्रे विकणारा! शाळेच्या छपरावर गवत का आहे, विचारा याला! पत्रे विकले आणि माझ्या कुत्र्याच्या रश्शात मीठ टाकलं! अहो साहेब, याला अ‍ॅक्राला नेताय? न्या, न्या! पण तुमच्या घराची छपरं मोजून ठेवा!"

हसून हसून लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मास्तरांनी, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, मान खाली घातली, भावाच्या हातून एक लाल कोंबडा घेतला आणि दोन्ही हातांनी अकोल्गोपुढे धरला. अकोल्गोनं तो उलटा धरून वजन केल्यासारखं केलं. "एवढासा? पत्रे तर चाळीस होते!" मग माचावरून उतरला, फडकं म्हातारीच्या डोक्यावर परत नीट बांधलं आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

ते शेवटचं हात फिरवणं वोफांनी पाहिलं नाही. ते फ्रिम्पोंगकडे बघत होते.

पत्र्यांची गोष्ट अशी होती. तीन वर्षांपूर्वी शाळेसाठी पत्रे मंजूर झाले, पण आमच्यापर्यंत निम्मेच पोहोचले. बाकीचे वाटेत कुठे गेले ते कोणाला कळलं नाही. त्यासाठी मास्तरांनी पाठवलेल्या अकरा तक्रारी मीच स्वच्छ अक्षरात लिहून काढल्या होत्या. अर्ध्या छपरावर खरंच गवत होतं.

दुपारी वोफांनी मला जीपपाशी बोलावलं.

"त्या खाटकानं सगळ्या गावापुढे त्यांना चोर म्हटलं," फ्रिम्पोंग म्हणाले. "एकानं तरी 'नाही' म्हटलं? उलट हसले. आणि यानं काय केलं? तोंड बंद ठेवायला कोंबडा दिला! शोकात असलेला माणूसही असल्या आरोपाला उत्तर देतो. मी दिलं असतं."

"मी इथल्या चर्चच्या धर्मशिक्षकाला विचारलं," वोफा म्हणाले, "तर तो दात काढून म्हणतो, 'हो हो, तो त्याचा गुलामच.' अराबा, इथे आपली भाषा बोलणारी तू एकटी आहेस. तूच सांग. पत्र्यांचं खरं आहे का? छपरावर गवत मी स्वत: पाहिलंय."

सांगायला एक मिनिट लागलं असतं. दोन भाऊ, कुत्र्याचं मुंडकं, थट्टेचं नातं. वोफा हसले असते, फ्रिम्पोंगनी मांडीवर थाप मारली असती, आणि जीपमध्ये बसून दोघं बॅरिस्टरांना ही गंमत कशी सांगायची ते ठरवत गेले असते. मला बांधावरचा तो चेहरा आठवला. मग फोटोतले चौघं आठवले.

"मी काय सांगणार, वोफा," मी म्हटलं. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

वोफा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपमध्ये बसले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात रेडिओवर नाव आलं. बॅरिस्टर डाडझींचे जोडीदार, टमालेचे कंत्राटदार अल्हाजी मुमुनी. मास्तर शाळेच्या पायरीवर बसून ऐकत होते. बातमी संपली तसा त्यांनी रेडिओ बंद केला आणि घंटा वाजवायला सांगितली. मला वाटलं, आता हे इथेच राहिले. लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन माझं चांगलं लुगडं काढून बघितलं.

दक्षिणेच्या लोकांनी थट्टा खरी धरली हे गावात हळूहळू पसरलं. अकोल्गो माझ्याकडे आला, हातातलं मांस विसरून.

"मॅडम, खरं धरलं त्यांनी? एवढी मोठी माणसं? माझ्या गुलामाला मी किती प्रेमानं शिव्या दिल्या!"

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही होतात ना तिथे. तुम्ही सांगितलं असेल त्यांना?"

मी वह्या गोळा करायला लागले. तो थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला मास्तरांची माफी मागायची होती, पण त्या नात्यात माफी मागता येत नाही. माफी मागितली की शिव्या खऱ्या होत्या असं होतं. म्हणून तो मास्तरांच्या अंगणात गेला, बाभळीखाली बसला आणि तासभर त्यांना शिव्या देत राहिला, नाक पुसत, रडत. मास्तर दारात उभे राहून तितक्याच प्रेमानं उलट देत होते. मी रस्त्यावरून ऐकलं. आत जायचं धाडस झालं नाही.

मग वोफांचं पत्र आलं, मास्तरांच्या नावानं. वोफा सभ्य माणूस. कारण न देता कोणाला टाकणं त्यांना जमत नसे. शाळा सुटल्यावर मास्तर माझ्या वर्गात आले आणि पत्र टेबलावर ठेवलं. एका ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती. 'माझी भाची आपली सहकारी आहे, आपल्याविषयी तिला आदर आहे, तरीही आरोप खोटा आहे असं तिलाही म्हणवलं नाही.'

"हे खरं आहे?"

"हो."

"तू आमची सहा मर्तिकं पाहिलीस, अराबा. सातवं माझ्या आईचं. अकोल्गो माझा कोण, तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"आणि त्या तक्रारी तूच लिहिल्या होत्यास."

"हो."

"मग?"

मी फळ्याकडे बघत होते. त्यावर अपूर्णांकांचं एक उदाहरण अर्धं राहिलं होतं. "तुम्ही गेला असतात," मी म्हटलं. मग फोटोबद्दल, मासळीबाजाराबद्दल, चार वर्षांबद्दल सगळं सांगितलं. ते सगळं त्यांना नवीन होतं. ते मुलांच्या बाकावर बसले, गुडघे वर आले.

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर राहिला असतात?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मैदानात पोरं चिंध्यांचा चेंडू खेळत होती, धूळ उडत होती.

"आता ते मला कळणार नाही," ते म्हणाले. "तुलाही नाही. ते ठरवायचं माझं होतं, आणि तू मला त्या जागेवर जाऊच दिलं नाहीस." मग म्हणाले, "लोकांनी चोर म्हटलं त्याचं काही नाही. ती आमची रीत आहे. तू काही म्हटलं नाहीस, ती कोणाची रीत?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि कदाचित काही वाचलं असतं. पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि "येतो, मॅडम" म्हणाले. वर्गात आम्ही दोघंच होतो. मॅडम, म्हणाले.

एक सत्र आम्ही तसंच काम केलं. ते रोज सकाळी विचारायचे, "मॅडम, झोप झाली?" आणि मी म्हणायचे, "झाली, मास्तर." जूनमध्ये, मतदानाला दोन आठवडे असताना, बराकीत बंड झालं, रेडिओवर दिवसभर कूचगीतं वाजत होती. तरीही मतदान झालं. जुलैत माझा बदलीचा अर्ज मंजूर झाला. मास्तरांनीच त्यावर शिफारस लिहिली होती, चांगली.

बॅरिस्टर डाडझी फार मागे पडले. ते वकिलीकडे परत गेले आणि म्हातारपणी त्यांना कोणी निवडणुकीची आठवण काढलेली आवडत नसे. फ्रिम्पोंगच्या जीपगाड्या त्या जूनमध्ये सैनिक घेऊन गेले. ते शेजारच्या देशात अबिजानला गेले आणि तिथेच लाकडाच्या धंद्यात पुन्हा वर आले. एक्क्याऐंशीच्या शेवटच्या दिवशी पुन्हा सत्तापालट झाला, तेव्हा इतर पुढाऱ्यांबरोबर अल्हाजी मुमुनींनाही दीड वर्ष तुरुंगात ठेवलं. सुटल्यावर ते सीमेपलीकडे लोमेला निघून गेले आणि परत आले नाहीत. लोक मास्तरांना म्हणायचे, देवानंच वाचवलं तुम्हाला. ते काय उत्तर द्यायचे मला माहीत नाही.

वोफा शहाऐंशी साली गेले. शेवटच्या आजारात मी त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती. पण फ्रिम्पोंगना पहिल्यापासून अल्हाजीच हवे होते, आणि गाड्या फ्रिम्पोंगच्या. तू बोलली असतीस तर मला भांडावं लागलं असतं." भांडला असतात का, असं मी विचारलं नाही. एवढं तरी शिकायला हवं होतं मी, पण नाही विचारलं.

अकोल्गो त्र्याण्णवच्या सुमारास गेला. मास्तर बोल्गापर्यंत गेले, त्याच्या प्रेताशेजारी बसले आणि दिवसभर त्याला पुरू दिलं नाही म्हणे.

मी चौऱ्याऐंशी साली ताकोराडी बंदरातल्या एका कारकुनाशी लग्न केलं. चांगला माणूस होता. दोन मुलं झाली. तो गेल्याला बारा वर्षं झाली. मी साल्टपाँडला आईच्याच घरात राहते, मासळी रोज मिळते.

मास्तरांनी ब्याऐंशीत लॉरा गावच्या एका नर्सशी लग्न केलं. पुढे जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी झाले, दोन हजार नऊ साली गेले. त्यांना पुरल्यानंतर आठवड्यानं मला कळलं. त्याआधी काही वर्षं त्यांची थोरली मुलगी पास्कालिना केप कोस्टच्या विद्यापीठात शिकायला आली होती, तेव्हा त्यांनीच तिला माझा पत्ता दिला. ती रविवारी जेवायला यायची. बापासारखीच लांब बोटं, आणि भाकरीसारखी केंकी मोडायची. एकदा म्हणाली, "मावशी, गावात म्हणतात बाबा एकदा उपाध्यक्ष व्हायचे होते. खरं का?"

मी तिला सगळं सांगितलं. मास्तर सोडले तर वोफांनंतर मी ते सांगितलेलं दुसरं माणूस तीच. तिनं ऐकलं आणि हात धुतले.

"बाबांनी तुमच्याबद्दल कधी काही वाईट सांगितलं नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगायचे की तुम्ही सात वर्षं गणित शिकवलंत, आणि सात वर्षांत तुमचं एकही मूल नापास झालं नाही."

हे खरं नव्हतं. दर वर्षी पाच-सहा मुलं तरी नापास व्हायची, आणि निकालाच्या कागदावर सही मास्तरांचीच असायची.